'सेवा दिली' की 'सेवा केली'?

दर्यापूर तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या गावातील ख्रिस्ती मंडळीने पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाच्या, उपासनेसाठी जी पत्रिका छापायला दिली आहे, तिच्यात 'प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुऊन त्यांना सेवा दिली' असे वाक्य आहे. त्यातील 'सेवा दिली' बरोबर की 'सेवा केली' बरोबर? शिवाय ख्रिस्ती लोक 'प्रेम' न म्हणता 'प्रीती' का म्हणतात, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'केली' एवढेच आहे आणि ते देताना मला जराही विचार करावा लागला नाही. 'सेवा देणे' हा प्रयोग बँकेच्या आणि मोबाइलच्या जाहिरातींतून आला, तिथून दवाखान्याच्या पाटीवर गेला आणि आता निरोप समारंभातही 'सरांनी ३६ वर्षे सेवा दिली' असे सर्रास ऐकू येते. जिचे मोजमाप होऊन पावती फाडता येते, ती सुविधा खुशाल द्यावी. सेवा मात्र मराठीत करतात, आणि ती कोणाला नव्हे तर कोणाची तरी करतात.

नोकरी, चाकरी, पूजा, शुश्रूषा हे 'सेवे'चे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, त्यामुळे त्यांत वेळ घालवत नाही. मौज आहे ती धातूत. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'षेवृ सेवने' असे दिले आहे, म्हणजे सेव् चा अर्थ सेवन. पाणी म्हणजे जल, असे सांगण्यापैकीच हा प्रकार झाला. प्रत्यक्ष संस्कृत वापर पाहिला तर एखाद्या जागी राहणे, तिथे वारंवार जाणे, एखाद्याच्या जवळ असणे असे अर्थ सापडतात. तीर्थसेवन म्हणजे तीर्थाच्या ठिकाणी जाऊन राहणे, आणि औषधाचे सेवन, तंबाखूचे सेवन हीही याच धातूची भावंडे आहेत. माझे मत असे की 'जवळ असणे' हाच मूळ गाभा असून चाकरीचा अर्थ त्यातूनच निघाला. पुरावा हवा असेल तर शेजारचे शब्द पाहावेत. उपासना म्हणजे जवळ बसणे. उपचार या शब्दात जवळ वावरणे आहे, तर परिचर्या आणि परिचारिका या शब्दांत रुग्णाच्या भोवती वावरणे आहे. शुश्रूषा तर चक्क 'ऐकण्याची इच्छा' आहे, आणि ऐकायचे तर जवळच असावे लागते. संस्कृतला दुसऱ्यासाठी झिजण्याचे शब्द हवे होते तेव्हा तिने बहुतेक वेळा अंतर कमी करणारा धातू उचलला, हे मला फार गोड वाटते.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेणे भाग आहे. इंग्रजी 'सर्व्हिस' आपल्या 'सेवे'वरून गेली, असे काही व्याख्याते छाती फुगवून सांगतात. स आणि व ही दोन अक्षरे जुळली की यांची व्युत्पत्ती पूर्ण होते. 'सर्व्हिस'चा उगम लॅटिनमधील 'सर्वुस' म्हणजे गुलाम या शब्दात आहे आणि त्यातला 'र' कुठून आला हे या मंडळींना कधी सांगता आलेले नाही.

दुसरी मंडळी म्हणतात की आपल्याकडे सेवा हा शब्द पहिल्यापासून पवित्रच होता. तसे असते तर मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सेवेला 'श्ववृत्ती', म्हणजे कुत्र्याचे जिणे, म्हणून ब्राह्मणाने ती टाळावी असे सांगितले नसते, आणि अमरकोशानेही 'सेवा श्ववृत्तिः' असे नोंदवले नसते. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी' ही म्हण आमच्या वऱ्हाडात शेतीचे दिवस कितीही फिरले तरी अजून म्हटली जाते. गुरुसेवेला मोल होते, हे खरे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात तर गुरूच्या पायांखालची माती होण्यापर्यंत ही ओढ जाते. परंतु ती सेवा खालून वर जाते.

वाचकांच्या पत्रिकेतील प्रसंग नेमका याच्या उलट आहे, म्हणून तिथे क्रियापद चुकणे मला जास्त लागते. योहानाच्या शुभवर्तमानातील, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातील, तेराव्या अध्यायात येशू भोजनावरून उठतो, अंगावरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, भांड्यात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊन त्याच रुमालाने पुसतो. त्या काळी हे काम घरातल्या गुलामाचे होते, आणि म्हणूनच पेत्र हा शिष्य आधी पाय पुढे करायलाच तयार होत नाही. आपल्या गावांत पाहुणा आला की पाय धुवायला पाणी देतात. तांब्या ओसरीवर ठेवला की यजमान मोकळा होतो. पाय धुण्याची वेळ येते ती लग्नात, तीही जावयाचे. लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात हाच फरक येशूने स्वतः दाखवला आहे: परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी पंथातल्या, शिमोनाने पाय धुवायला पाणीसुद्धा दिले नव्हते, आणि गावात पापी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीने मात्र अश्रूंनी पाय भिजवून केसांनी पुसले. पाणी देणे हा पाहुणचार झाला, पाय पुसणे ही सेवा झाली, आणि दोहोंत निदान एका हाताचे अंतर आहे.

बायबलच्या नव्या करारातील सेवकासाठीचा ग्रीक शब्द 'दिआकोनोस' हा आहे आणि चर्चमधला 'डीकन' हा हुद्दा त्यातूनच आला. 'दिआ' म्हणजे 'मधून' आणि 'कोनिस' म्हणजे 'धूळ', म्हणून 'धुळीतून धावणारा' अशी फोड प्रवचनांत मोठ्या आवडीने सांगितली जाते. मलाही ती सांगायला आवडली असती, परंतु त्या शब्दातील 'आ' दीर्घ आहे आणि ही फोड खरी असती तर तो ऱ्हस्व असायला हवा होता, त्यामुळे ती सोडून द्यावी लागते. ताटे वाढणारा हा त्या शब्दाचा साधा अर्थ पुरेसा आहे. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सात जणांची निवड झाली ती विधवांना रोजचे अन्न नीट वाटले जावे म्हणूनच.

परतवाड्याजवळ कोठारा येथे ख्रिस्ती मिशनचे कुष्ठरुग्णांसाठीचे रुग्णालय आहे. कुष्ठरोगात तळपायाची संवेदना गेली की काटा किंवा खडा रुतलेला कळत नाही आणि जखमा चिघळतात. त्यावरचा नित्याचा उपाय म्हणजे पाय पाण्यात भिजत ठेवायचे, कडक झालेली कातडी घासून काढायची आणि तेल लावायचे. ज्याच्यापासून गाव चार हात लांब सरकते त्याचा पाय मांडीवर घेऊन बसणाऱ्याच्या कामाला 'सेवा दिली' म्हणणारा माणूस एकतर ते काम पाहून आलेला नसतो किंवा जाहिराती फार वाचतो.

आमच्या बोलीने तर याही पुढे जाऊन 'सेवा' हा शब्दच गाळून टाकला आहे. शेजारच्या एका काकूंनी अंथरुणाला खिळलेल्या सासूचे ४ वर्षे सगळे केले: कूस बदलणे, पाठीला पावडर लावणे, ज्वारीची भाकर दुधात कुस्करून भरवणे. त्यांच्याबद्दल गाव एवढेच म्हणते, 'तिनं सासूचं लय केलं.' काय केले, हे कोणी विचारत नाही. 'म्हातारपणी आपलं कोण करन?' या काळजीच्या प्रश्नातही कर्म नाही. नुसत्या 'करणे' या क्रियापदात एवढा अर्थ भरलेला असताना लोक त्याला हाकलून 'देणे' का आणून बसवतात, हे मला समजत नाही.

ख्रिस्ती विचारात 'देणे' नाही असे मात्र समजू नये. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात दोन्ही क्रिया एकाच वाक्यात आहेत: मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला आला नाही, तर सेवा करायला आणि पुष्कळांसाठी खंडणी म्हणून आपला प्राण द्यायला आला. येथील खंडणी म्हणजे गुंडांची नव्हे, गुलामाला किंवा कैद्याला सोडवण्यासाठी भरायची रक्कम होय. सेवेला करणे आणि प्राणाला देणे, अशी वाटणी तिथे स्पष्ट आहे.

'प्रीती'चा प्रश्न राहूनच जात होता. 'प्रेम' आणि 'प्रीती' दोन्ही प्री या एकाच धातूचे आहेत, त्यामुळे अर्थाने एक उंच आणि दुसरा बुटका असे काही नाही. निःस्वार्थ प्रेमासाठीच्या ग्रीक 'अगापे' या शब्दाला मराठी बायबलमध्ये 'प्रीती' रुळला आणि मंडळीच्या तोंडी तोच राहिला. याच धातूच्या कुळात इंग्रजी 'फ्रेंड' आहे, हे कळल्यावर, त्याच भोजनाच्या रात्री येशूने मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही असे जे म्हटले, त्यातले 'मित्र' आणि 'प्रीती' हे शब्द इंग्रजी-मराठी मिळून नात्यातलेच निघतात.

पत्रिका अजून छापखान्यात असेल तर दुरुस्ती करताना एवढे पाहावे की 'दिली'चे 'केली' करताना आधीच्या 'त्यांना'चेही 'त्यांची' करावे लागेल, नाही तर 'त्यांना सेवा केली' असे तिसरेच काहीतरी छापून येईल.