अर्थ खात्याला प्रश्न विचारायचा तर

अधिवेशन जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. सातबारा आणि वारसनोंदी मागे पडतात आणि दिल्लीत कोणी काय विचारले, काय उत्तर आले याची चौकशी सुरू होते. या खेपेची बहुतेक पत्रे अर्थ मंत्रालयाबद्दलची आहेत, म्हणून ती एकत्रच घेतो.

देवगड : आमच्या खासदारांनी आंबा बागायतदारांच्या कर्जाबद्दल लोकसभेत प्रश्न विचारल्याची पोस्ट फिरत होती. मी आठवडाभर टीव्हीवर प्रश्नोत्तराचा तास बघितला, ते एकदाही उभे राहिले नाहीत. मग विचारला तरी कधी?

अतारांकित विचारला असणार. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न लागतात. त्यांना मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. त्याशिवाय 230 पर्यंत अतारांकित प्रश्न असतात. त्यांचे उत्तर लेखी येते आणि पटलावर ठेवले जाते. कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीने ठरते. त्या वीस तारांकितांपैकीही बहुतेक दिवशी पाच-सातच होतात आणि बारा वाजता तास संपतो.

पण लेखी उत्तर म्हणजे दुय्यम असे समजू नका. तोंडी उत्तरात मंत्री शेरोशायरी करू शकतात, तक्त्यात ती करता येत नाही. संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराचे नाव, मंत्रालय आणि तारीख टाकली की प्रश्न आणि उत्तर दोन्ही निघतात, मात्र इंग्रजी आणि हिंदीत. लोकसभेत अर्थ मंत्रालयाचा वार गेली काही वर्षे सोमवार आहे, तेवढे बघितले तरी शोध अर्ध्यावर येतो. पोस्टमध्ये प्रश्न क्रमांक आणि तारीख नसेल, तर ती टाकणाऱ्याकडे आधी तेच मागा.

मालवण : मी मच्छीमार सोसायटीचा सचिव. आमच्या तालुक्यात किती मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड मिळाले ते अर्थमंत्र्यांना विचारा, असे पत्र आम्ही खासदारांना दिले. प्रश्न लागला, उत्तरही आले. त्यात दोन पाने योजनेची माहिती आणि शेवटी राज्यवार तक्ता. मालवणचा पत्ताच नाही. हे मुद्दाम करतात काय?

सचिवसाहेब, तुम्ही प्रश्नाची प्रतही जोडलीत हे फार बरे केलेत. त्यातले वाक्य असे आहे : ‘कोकणातील मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड मिळवताना अडचणी येत असल्याची सरकारला माहिती आहे काय, असल्यास, सरकारने कोणती कार्यवाही केली?’

मीही नोकरीत असताना अशा प्रश्नांची उत्तरे तयार केली आहेत, म्हणून पलीकडच्या टेबलावर काय होते ते सांगतो. ‘अडचणी’ हा शब्द आकड्यात बसत नाही. ‘कार्यवाही’ म्हटले की योजनेचा इतिहास लिहायला वाव मिळतो : 2018-19 च्या अर्थसंकल्पात ही सोय मच्छीमारांना लागू झाली, मग मोहिमा झाल्या, शिबिरे झाली, बँकांना सूचना गेल्या. हे सगळे खरे असते आणि तुमच्या काही उपयोगाचे नसते. जाळ्याची भोके मोठी ठेवली की बारकी मासळी निसटणारच, त्यात मासळीचा लबाडपणा कसला?

आता तालुका. बँकेची शाखा आकडे वर पाठवते, जिल्ह्याचे आकडे अग्रणी बँकेकडे (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेकडे) जमतात, तिथून राज्याच्या बँकर्स समितीकडे आणि मग दिल्लीला. वर जाताना तालुका गळतो. दिल्लीत जो रकाना नाही तो विचारला की ‘अशी माहिती केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही’ हे एका ओळीचे उत्तर येते. त्याला खोटेही म्हणता येत नाही. म्हणून दिल्लीला जिल्हा विचारावा. मी प्रश्न असा लिहिला असता :

(अ) गेल्या तीन आर्थिक वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मच्छीमारांकडून किसान क्रेडिट कार्डासाठी बँकांकडे आलेले, मंजूर झालेले, फेटाळलेले आणि प्रलंबित अर्ज, वर्षनिहाय व जिल्हानिहाय;
(आ) फेटाळण्याची कारणे, कारणनिहाय संख्या;
(इ) मंजूर मर्यादेची एकूण रक्कम आणि प्रत्यक्ष उचललेली रक्कम.

तिसरा भाग विसरू नका. मर्यादा मंजूर झाली म्हणजे पैसे हातात आले असे नव्हे, आणि उत्तरात नेहमी मोठा आकडा पुढे येतो. प्रश्नाला 150 शब्दांची मर्यादा आहे, वरचा मजकूर तिच्या निम्म्यातही बसतो. शिवाय प्रश्न कोणाकडे जाणार हेही बघावे लागते. बँकांची आकडेवारी अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाकडे, तर मच्छीमारांच्या नोंदी मत्स्यव्यवसाय मंत्रालयाकडे. चुकीच्या दारात टाकलेला प्रश्न दुसऱ्या मंत्रालयाकडे वर्ग होतो आणि वारही बदलतो.

मालवणचा आकडा मात्र दिल्लीत शोधू नका. तालुका पातळीवर बँकांची समिती बसते, तिथे शाखावार आकडे असतात. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची आढावा समिती भरते आणि तिला खासदार-आमदारांना बोलावणे असते. सिंधुदुर्गाची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया. खासदारांनी त्या बैठकीत समोर बसलेल्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला विचारावे. तिथे सोडत नाही, पंधरा दिवसांची नोटीस नाही. आणि बसलाच आहात तर कर्ज-ठेव प्रमाणही काढायला लावा. चाकरमान्यांचा पैसा आपल्या बँकांत ठेवी म्हणून पडतो, त्यातला किती इथेच कर्ज म्हणून फिरतो ते त्यातून कळते. हे प्रमाण 40 टक्क्यांच्या खाली गेलेल्या जिल्ह्यात खास उपसमिती नेमावी असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. जिल्हानिहाय ठेवी आणि कर्जे रिझर्व्ह बँक दर तिमाहीला जाहीरही करते.

चिपळूण : बड्या उद्योगांची साडेचौदा लाख कोटींची कर्जे सरकारने माफ केली, हे संसदेत सरकारनेच कबूल केले असा मेसेज आला. मी बँकेतून निवृत्त झालो आहे, मला हे पटत नाही. खरे काय?

आकडा खरा, वाक्य चुकीचे. 7 ऑगस्ट 2023 रोजी लोकसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार 2014-15 पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत अनुसूचित व्यापारी बँकांनी 14,56,226 कोटी रुपयांची कर्जे राइट-ऑफ केली. त्यात मोठे उद्योग आणि सेवा यांचा वाटा 7,40,968 कोटी, म्हणजे निम्म्याच्या आसपास. तुम्ही बँकेत होता, तुम्हाला सांगायला नको : राइट-ऑफ म्हणजे ताळेबंदातून काढणे. कर्जदाराची देणेदारी उरते, वसुली चालू राहते.

एवढ्यावर सरकारी बाजू थांबते. खासदाराने थांबू नये. त्याच उत्तरात राइट-ऑफ केलेल्या कर्जांतून 2,04,668 कोटी वसूल झाल्याचे आहे. दोन्ही आकड्यांचा भागाकार करून ‘14 टक्के वसुली’ म्हणायचा मोह होतो, पण वसुलीतली काही रक्कम आधीच्या वर्षांत काढलेल्या कर्जांची असू शकते. म्हणून पुढचा प्रश्न असा हवा : ज्या वर्षी राइट-ऑफ केली, त्या वर्षाच्या कर्जांतून पुढे दरवर्षी किती वसूल झाले? असा तक्ता मागितला तर ‘माफ केले’ आणि ‘माफ नाही’ हे भांडण तिथल्या तिथे मिटेल. मेसेज पाठवणाऱ्याला एवढे समजावत बसू नका, उत्तराची प्रत पाठवा.

दापोली : सर, मी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महागाई आणि जीडीपीच्या आकड्यांबद्दल खासदार अर्थमंत्र्यांना धारेवर धरतात, पण हे आकडे तर सांख्यिकी मंत्रालय काढते ना? मग जाब कोणाला विचारायचा?

बरोबर पकडलेस. आकडे कसे काढले हे सांख्यिकी मंत्रालयाला विचारायचे आणि त्यांवरून धोरण काय ठरवले हे अर्थ मंत्रालयाला. हे दोन प्रश्न एकाच वाक्यात कोंबले की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

पूर्वी हे अंतर एवढे नव्हते. राष्ट्रीय उत्पन्न समिती 1949 मध्ये अर्थ मंत्रालयानेच नेमली. तिचे अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि सदस्यांत आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. राष्ट्रीय नमुना पाहणीही 1950 मध्ये अर्थ मंत्रालयाच्या छत्राखाली सुरू झाली. त्या वर्षी अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख म्हणजे महाडजवळच्या नाते गावचे, 1952 मध्ये कुलाब्यातून (म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातून) निवडून आलेले. आकड्यांची आवड असलेला अर्थमंत्री असला की काय होते याचा तो काळ नमुना आहे.

दोन्ही मंत्रालयांना एका टेबलाशी बसवायची जागा आजही आहे. अर्थविषयक स्थायी समिती, 31 खासदारांची, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. अर्थ मंत्रालय आणि सांख्यिकी मंत्रालय दोन्ही तिच्याच कक्षेत येतात. तिथे मंत्री नव्हे तर सचिव येतात, कॅमेरे नसतात, म्हणून पक्षाची झूलही थोडी उतरते. नोटाबंदीनंतर जानेवारी 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल याच समितीपुढे आले होते.

आणि आकडाच नसेल तर? गरिबी जिच्यावरून मोजतात ती घरगुती खर्चाची 2017-18 ची पाहणी गुणवत्तेचे कारण देऊन सरकारने प्रसिद्धच केली नाही. पुढची 2022-23 ची. तिचे ठळक आकडे फेब्रुवारी 2024 मध्ये आले. मधल्या काळात खासदार गरिबीबद्दल विचारत राहिले आणि 2023 मध्येही उत्तर आले ते 2011-12 चे : 21.9 टक्के, सुमारे 27 कोटी लोक. प्रश्न ताजा, उत्तर बारा वर्षांपूर्वीचे. माझ्या मते अशा वेळी ‘किती’ विचारण्यापेक्षा ‘पुढची पाहणी कधी, आणि आधीची का अडवली’ हे विचारणे जास्त अडचणीचे ठरते.

अलिबाग : ‘माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.’ ही शुद्ध टोलवाटोलवी नाही का?

वाटते तशी नाही. हे वाक्य सभागृहात आले की ते आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि तीन महिन्यांत पूर्ण करायचे असते. न झाल्यास मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते आणि शासकीय आश्वासन समिती सचिवांना बोलावू शकते. लोकसभेत ही समिती 1953 पासून आहे. आश्वासने वर्षानुवर्षे लोंबकळतात हेही खरे, कारण पाठपुरावा करायला विचारणाऱ्यालाच वेळ नसतो. तुम्ही खासदारांना तीन महिन्यांनी प्रश्न क्रमांक टाकून एक पत्र लिहा. ‘माहिती ठेवली जात नाही’ या उत्तराला मात्र आश्वासन समितीत जागा नाही, म्हणून मुरलेला अधिकारी तेच वाक्य पसंत करतो.

राजापूर : मधू दंडवते आमच्या मतदारसंघाचे, पुढे अर्थमंत्रीही झाले. ते विरोधी बाकांवर असताना प्रश्न ऐकण्यासारखे असत असे वडील सांगतात. पण नुसत्या प्रश्नांनी एखादा अर्थमंत्री गेला असे कधी झाले आहे?

झाले आहे. 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले. लोकसभेत आधी साधे प्रश्न आले, उत्तरे गुळमुळीत मिळाली, मग डिसेंबरमध्ये सत्ताधारी बाकांवरच्या फिरोज गांधींनी विषय लावून धरला. न्या. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला, सुनावणी खुली झाली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला. पहिल्याच प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले असते तर कदाचित गोष्ट तिथेच संपली असती.

गुहागर : हे सगळे दिल्लीचे. आमदारांमार्फत काय करता येईल?

विधानसभेतही तारांकित आणि अतारांकित प्रश्न आहेत, शिवाय लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना आहे. राज्याची आकडेवारी काढणारे अर्थ व सांख्यिकी संचालनालय वित्त विभागाचे नसून नियोजन विभागाचे, तेव्हा प्रश्न त्या नावाने द्या. राज्याची आर्थिक पाहणी बहुतेक वेळा अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी येते, म्हणजे आमदारांना वाचायला एक रात्र मिळते. जिल्ह्यापुरते हवे असेल तर रत्नागिरीच्या जिल्हा सांख्यिकी कार्यालयातून ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ मिळवा आणि त्यातले तुमच्या कामाचे पान आमदारांच्या पत्राला जोडा.