ऑफर आली, आता काय विचारायचं?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉलच्या स्कॉलरशिपची पहिली ऑफर आल्याचं कळलं. तुझ्या बाबांनी ती बातमी डॅलसच्या निम्म्या मराठी मंडळींना आधीच कळवली आहे, त्यामुळे अभिनंदन करणाऱ्यांत माझा नंबर बराच खाली असणार.

तुझ्या मेसेजात ऑफरपेक्षा ‘दोनच स्टार का?’ हेच जास्त होतं, म्हणून आधी तेवढं उरकतो. २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन हे शाळकरी खेळाडूंची रँकिंग लावणारे स्टार देतात, स्कॉलरशिप देत नाहीत. २४७वाले दरवर्षी साधारण ३२ मुलांना पाच स्टार देतात, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या फेरीत ३२ खेळाडू निवडले जातात. म्हणजे त्यांचा अंदाज एनएफएलचा असतो, तुला कोणत्या कॉलेजात जागा मिळेल याचा नव्हे. रँकिंग थोतांड आहे असंही मी म्हणणार नाही. पाच स्टारवाली पोरं दोन स्टारवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात ड्राफ्ट होतात. एनएफएल गाजवलेल्या जे. जे. वॉटचं उदाहरण तुला सगळे ऐकवतील. त्याला दोनच स्टार होते. सेंट्रल मिशिगनची स्कॉलरशिप सोडून तो विस्कॉन्सिनला वॉक-ऑन, म्हणजे बिनस्कॉलरशिपचा खेळाडू, झाला आणि २०११च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनने त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं. खरं आहे, पण असे विरळाच, म्हणून तर नाव लक्षात राहतं. तू गार्ड, म्हणजे पुढच्या रांगेतला लाइनमन, आणि लाइनमनची अंगं उशिरा भरतात. स्टारचं पान रोज उघडून बघणं बंद कर.

आता ऑफर. कोचचा फोन आला म्हणजे स्थळ सांगून आलं, अक्षता पडलेल्या नाहीत. लेखी ऑफर सीनिअर वर्षाच्या, म्हणजे बारावीच्या, १ ऑगस्टआधी देताच येत नाही आणि करारावर सह्या करण्याची पहिली खिडकी उघडते डिसेंबरात. तोवर तू तोंडी कमिट केलंस तरी तू बांधील नाहीस, आणि कॉलेजही नाही. वीस-पंचवीस जागांसाठी दोनशेच्या वर ऑफर देणारी कॉलेजं आहेत. त्यांच्या बोर्डावर प्रत्येक पोझिशनखाली नावं उतरत्या क्रमाने लावलेली असतात. वरच्या दोघांनी होकार दिला की खालच्यांना फोन येणं थांबतं, आणि का थांबलं ते कुणी सांगत नाही.

म्हणून पुढच्या फोनवर सरळ विचार: ‘कोच, मी आज कमिट केलं तर तुम्ही मला घ्याल का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ऑफर खरी. ‘आधी आमच्या कॅम्पला ये’, ‘सीनिअर सीझनची फिल्म बघू’, ‘हेड कोचशी बोलून सांगतो’ यांपैकी काही आलं तर तू यादीत आहेस, पण वर नाहीस. रुसू नकोस, तोडूही नकोस, बाकीच्या कोचना तुझ्या खेळाची फिल्म पाठवत राहा. (कॅम्पच्या आमंत्रणाने हुरळून जाऊ नकोस. फी भरतील अशा शेकडो पोरांना तो ईमेल जातो.)

दुसरा प्रश्न: यंदा गार्ड किती घेणार, आणि त्यातले ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजांतून येणारे, किती? कॉलेजात दोन वर्षं खेळून अंगाने भरलेला २१ वर्षांचा मुलगा तयार मिळत असेल तर कोच तुझ्यासाठी थांबेलच असं नाही. २०२५च्या हाउस सेटलमेंटनंतर (कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यातली तडजोड), ती स्वीकारलेल्या कॉलेजांत स्कॉलरशिपची ८५ची मर्यादा गेली, पण अख्खी टीमच १०५वर अडली. त्यामुळे ‘वॉक-ऑन म्हणून ये, पुढे बघू’ या वाक्याला पूर्वीइतकं वजन उरलेलं नाही.

तुझी ऑफर एफसीएस कॉलेजची आहे, म्हणजे डिव्हिजन वनच्याच खालच्या गटातली. तिथे स्कॉलरशिप तुकड्यांतही देतात. तेव्हा किती टक्के, नुसती ट्यूशन की राहणं-जेवण धरून, एका वर्षाची की चार, हे स्पष्ट विचार. पैशाचं बोलायला आपल्याकडे संकोच करतात, बाबा तर नक्कीच करतील. कोचला मात्र या प्रश्नाची रोजची सवय असते. आणि डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजांना आत्ताच नाही म्हणू नकोस. तिथे खेळासाठी पैसे मिळत नाहीत, पण तुझ्या मार्कांवर मिळणारी मदत एफसीएसच्या तुकड्यापेक्षा मोठी निघू शकते.

अभ्यासाचं थोडक्यात. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेला डिव्हिजन वनसाठी १६ कोर कोर्स (मान्य केलेले मुख्य विषय) आणि त्यांत २.३ जीपीए लागतो. त्यातले १० सीनिअर वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्या दहांतले ७ इंग्रजी, गणित, सायन्सचे. ते दहा एकदा धरले गेले की नंतर पुन्हा देऊन ग्रेड सुधारता येत नाही.

फिल्म पाहिली. पहिल्या चार प्ले उत्तम. पाचवीत तू समोरच्या डिफेन्सिव्ह टॅकलला पाडतोस आणि कमरेवर हात ठेवून उभा राहतोस. बॉल अजून तुझ्या पुढे दहा यार्डांवर पळतो आहे आणि त्यांचा लाइनबॅकर मोकळा आहे. कोच नेमकं तेच बघतात, आणि तिथेच फिल्म बंद करतात. ती प्ले काढ. तिच्या जागी तिसऱ्या क्वार्टरमधली पुल ब्लॉकची (जागा सोडून बाजूला धावत जाऊन अडवण्याची) घाल, ज्यात तू शेवटपर्यंत पळालास. उंची आणि वजन खरंच लिही, कॅम्पला मोजतातच.

रविवारपर्यंत नवी फिल्म आणि ट्रान्सक्रिप्ट दोन्ही पाठव. केमिस्ट्री कोरमध्ये धरली आहे की नाही, ते मला सोमवारी तुझ्या काउन्सेलरला विचारायचं आहे.

तुझा,
काका