तालुक्याच्या गावात व्याख्यानाला माणसं कशी आणायची?

तुमचा प्रश्न वाचला. तालुक्याच्या गावी मित्रमंडळींनी तीन दिवसांची व्याख्यानमाला घेतली, चौकाचौकांत फ्लेक्स लावले, फेसबुकवर पैसे भरून जाहिरात केली, तरी २०० खुर्च्यांच्या हॉलमध्ये जेमतेम ४० माणसं आली. यंदा प्रसिद्धी कशी करावी, असं तुम्ही विचारलंय.

आमच्या गावच्या व्याख्यानमालेची प्रसिद्धी मी अकरा वर्षं बघतोय. माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, त्यामुळे गावातली बरीचशी पत्रकं माझ्या हाताखालून जातात. पहिल्या वर्षी आमची अवस्था तुमच्याहून वाईट होती. वक्ते सहा तास एसटीनं आले आणि समोर ३१ माणसं, त्यातली ९ आम्ही कार्यकर्तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना स्टँडवर सोडताना मला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. तुमच्यावर परत तीच वेळ येऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्लेक्सनं बातमी कळते, पण संध्याकाळी घरचा कार्यक्रम सोडून माणूस उठतो तो ओळखीच्या कुणीतरी ‘या’ म्हटलं म्हणून. हे आम्हाला शिकवलं एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी. दुसऱ्या वर्षी त्या समितीत आल्या, पहिल्याच बैठकीत फ्लेक्सचा खर्च निम्मा करायला लावला आणि एक दोनशे पानी वही मागवली. वहीत आळीप्रमाणे घरं लिहिली. आमच्यातल्या प्रत्येकाला १५ घरं वाटून दिली आणि अट घातली, की पत्रक दाराला खोचून यायचं नाही, घरातल्या माणसाशी बोलून यायचं.

मी बाईंबरोबर फिरलो. एका घरी काकू पडवीत गवार निवडत बसल्या होत्या. बाई म्हणाल्या, “शुक्रवारी विहिरीच्या पाण्यावर बोलणार आहेत. तुमच्या मळ्यातलं पाणी मचूळ झालंय ना, या ऐकायला.” वक्ता कोण, कुठून येणार, काकूंनी काही विचारलं नाही. गवार मोडता मोडता एवढंच म्हणाल्या, “सुटणार किती वाजता?” बाईंनी सांगितलं, साडेआठ. “मग जमंल. नऊला ह्यांचं जेवण असतं.”

घरी येऊन मी आमचं पत्रक परत वाचलं. वक्त्यांच्या पदव्या चार ओळी, अध्यक्ष, उपाध्यक्ष, मार्गदर्शक, आधारस्तंभ अशी २२ नावं, आणि कार्यक्रम कधी संपणार याचा एक शब्द नाही. वेळ लिहिली होती ‘सायं. ७ वा.’ एवढीच. गावात सातचा कार्यक्रम आठला सुरू होतो आणि सत्कारातच नऊ वाजतात, हे सगळ्यांना पाठ असतं. ज्या बाईच्या घरी नऊला पानं घ्यायची आहेत ती कशाला येईल? त्या वर्षापासून आम्ही ‘सायंकाळी ७ ते ८.३०’ असं मोठ्या अक्षरात छापतो. आणि ते पाळतो. सात वाजता हॉलमध्ये १२ माणसं असली तरी वक्ते बोलायला उभे राहतात. सत्कार शाल-श्रीफळासकट पाच मिनिटांत, आभार दोन वाक्यांत. पहिल्या दोन दिवशी उशिरा आलेल्यांची चुकामूक झाली, थोडी नाराजीही झाली. तिसऱ्या दिवशी सातला दहा कमी असताना निम्मा हॉल भरला होता. वेळ पाळली जाते ही बातमी गावात कुठल्याही रिक्षापेक्षा लवकर फिरते.

माणूस ‘येतो’ म्हणूनही का येत नाही, ते आधी घरोघरी विचारून घ्या आणि त्याचं उत्तर पत्रकात द्या. आमच्याकडे जी कारणं निघाली ती सांगतो. म्हाताऱ्यांना पाठ टेकायला खुर्ची हवी, भारतीय बैठक नको. वाडीवस्तीवरच्या माणसाला शेवटची एसटी गाठायची असते. हॉलमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृह उघडं असतं का, हा प्रश्न कुणी पुरुषांना विचारत नाही, पण त्यावरून येणं-न येणं ठरतं. आम्ही ती किल्ली आदल्या दिवशीच ताब्यात घेतो.

आता तारीख. तुम्ही कुठल्या तारखा धरल्या होत्या ते लिहिलेलं नाही, पण माझा अनुभव असा की निम्मी प्रसिद्धी तारीख ठरवतानाच जिंकली किंवा हरली जाते. कालनिर्णय भिंतीवरून काढा आणि लग्नाचे मुहूर्त बघा. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. जानेवारीपासूनच त्या घरांतले आईबाप बाहेर पडत नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानदार मोकळा नसतो. भारताची मॅच असेल तर तो दिवस सोडून द्या. आणि शेतकरी हवे असतील तर शेतीपंपाची लाईट त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे वायरमनला विचारा. रात्रीची पाळी असली तर माणूस दारं धरायला रानात जाणार, तुमच्या हॉलमध्ये नाही.

विषयाच्या नावावर मी दरवर्षी भांडतो. ‘पर्यावरण : आव्हाने आणि संधी’ असं नाव छापलं की ते शाळेच्या निबंधासारखं वाटतं. त्याच वक्त्यांना विनंती करून आम्ही ‘आपल्या विहिरीचं पाणी खारट का होतंय?’ असं नाव घेतलं. वक्त्यांना फोनवर गावाची परिस्थिती सांगितली, त्यांनी चार विहिरींचे नमुने मागवून घेतले. ज्यांच्या विहिरी होत्या ती चारही कुटुंबं पुढच्या रांगेत होती, भावकीसकट.

व्हॉट्सॲपचं बोलतो, कारण सगळे त्याच्यावर भिस्त ठेवतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण घेता येतात, पण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. समितीनं नवीन सिमकार्ड घेऊन त्यावरून पाठवलं तर बहुतेकांना काहीच मिळत नाही, आणि तुम्हाला वाटतं गावभर गेलं. म्हणून ज्याची गावात ओळख आहे त्याच्याच नंबरवरून पाठवा. फॉरवर्डही एका वेळी पाचच चॅटना होतो, आणि फिरून फिरून आलेला मेसेज तर एका वेळी एकालाच. आम्ही फॉरवर्ड करणं बंदच केलं. प्रत्येक जण आपल्या १५ घरांना आपल्या शब्दांत, नाव घालून लिहितो: ‘दादा, उद्या सातला या, तुमच्यासाठी जागा धरतो.’ कार्यक्रमपत्रिकेचा फोटो त्याच्याखाली. हा मेसेज आदल्या दिवशी संध्याकाळी जातो. आठवडाभर आधी एकदा कळवावं, पण माणसं ठरवतात ती आदल्या रात्री किंवा त्याच दुपारी. दुपारी चारच्या सुमाराला स्टेटसलाही टाका. ते २४ तासच टिकतं, त्यामुळे आठवडाभर आधी ठेवलेल्या स्टेटसचा त्या दिवशी काही उपयोग नाही.

भोंग्याची रिक्षा आमच्याकडे अजून चालते, शहरात कदाचित नसेल. पोलीस ठाण्यात अर्ज देऊन ध्वनिक्षेपकाची परवानगी घ्या. घरात बसलेल्याला जाणाऱ्या रिक्षाचं दहा-बारा सेकंदच ऐकू येतं. त्यात ‘सर्व रसिक श्रोत्यांना कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे की’ एवढंच आलं तर बाकीचं पुढच्या गल्लीत जातं. आमचं रेकॉर्डिंग ‘उद्या संध्याकाळी सात वाजता, नगरवाचनालयाच्या हॉलमध्ये’ इथूनच सुरू होतं आणि तेच परत परत येतं. आवाज गावातल्याच एका मुलीचा. तिच्या आवाजामुळे तिची सगळी आळी ऐकायला आली, हे वेगळं.

फ्लेक्सला नगरपरिषदेची परवानगी लागते; विनापरवाना लावला तर १९९५च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा होतो, म्हणून त्यात कुचराई नको. मजकूर मोटरसायकलवरून जाताना वाचता यायला हवा: विषय, वक्ता, वार-तारीख, वेळ, ठिकाण. नेत्यांचे फोटो नकोत. फोटो आले की तो फ्लेक्स वाढदिवसाचा वाटतो आणि नजर पुढं जाते. छापायला देण्याआधी वार आणि तारीख दोघांनी वेगवेगळी तपासा. एका वर्षी आमच्या पत्रकावर तारीख रविवारची आणि वार शनिवार पडला. ५०० पत्रकं पेपरात घालून वाटूनही झाली होती. शनिवारी येऊन कुलूप बघून गेलेली माणसं रविवारी परत आली नाहीत. त्या माणसांची मला अजून रुखरुख आहे.

पेपरवाल्या मुलांकडून पत्रकं टाकायची तर रविवारी टाका, त्या दिवशी पेपर सावकाश वाचला जातो. स्थानिक वार्ताहराला तयार बातमी द्या, दीडशे शब्दांत, वक्त्यांच्या फोटोसह. त्याला लिहायला वेळ नसतो. फेसबुकच्या जाहिरातीबद्दल माझं मत फार चांगलं नाही. पुण्या-मुंबईत तिकिटाच्या कार्यक्रमाला ती चालत असेल, पण तालुक्याच्या गावात लाईक येतात ते नोकरीसाठी बाहेर गेलेल्या आपल्याच पोरांचे. त्यांना एवढंच सांगा की घरी फोन करून आईवडिलांना पाठवा. त्यानं मात्र खरोखर माणसं येतात.

आणि यंदा ४० ची ८० झाली तरी खचू नका, पुढच्या वर्षी त्याच दिवसांत, त्याच जागी, त्याच वेळेला घ्या. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. ती उन्हाळ्यातच येणार हे पुणेकराला पत्रिका न बघता माहीत असतं. १९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासाठी लोक डिसेंबरची रजा आधीच टाकून ठेवतात. आमच्याकडे सहाव्या वर्षापासून लोक दुकानात येऊन विचारायला लागले, “यंदा कोण कोण?” तेव्हा आम्ही पत्रिका छापायलाही दिली नव्हती.

तोवर तुमचा आधार म्हणजे ती वही. तिन्ही दिवस दाराशी टेबल टाका, एका चांगल्या अक्षराच्या मुलाला किंवा मुलीला बसवा, आणि येणाऱ्याचं नाव, मोबाईल नंबर आणि ‘पुढच्या वर्षी काय ऐकायला आवडेल’ एवढं लिहून घ्या. आळी लिहायला विसरू नका. आमच्याकडून पहिल्या वर्षी ती राहिली, आणि ‘पाटील’ म्हणून लिहिलेल्या सात जणांची घरं शोधण्यात बाईंची पूर्ण दुपार गेली.