आवाज ओळखीचा, माणूस कोण?

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी मिरजेहून एडिसनला (न्यू जर्सी) आले आहे. संध्याकाळी सातला जावई ‘जेपर्डी’ हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लावतात. सुरुवातीला एक माणूस मोठ्या झोकात ‘धिस इज जेपर्डी’ म्हणतो, पण तो पडद्यावर काही दिसत नाही. सकाळी अकराच्या ‘द प्राइस इज राइट’ या वस्तूंच्या किमती ओळखायच्या खेळातही असाच एक जण नावं पुकारतो. ही माणसं कोण? आणि आपल्याकडे सगळं सूत्रसंचालकच का बोलतो?

उत्तर : ताई, बाळंतिणीचं पथ्यपाणी सांभाळून कान एवढे उघडे ठेवलेत, याचं कौतुक वाटलं. बाकीचे लोक नेमके त्याच वेळी पाणी प्यायला उठतात.

संध्याकाळचा आवाज जॉनी गिल्बर्ट यांचा. जन्म १९२४चा. २०२४च्या जुलैत त्यांनी शंभरी गाठली, तेव्हाही ‘जेपर्डी’चे निवेदक तेच होते. १९८४मध्ये सूत्रसंचालक ॲलेक्स ट्रेबेक यांच्यासह हा कार्यक्रम नव्यानं सुरू झाला, तेव्हापासून हे काम त्यांच्याकडे. ट्रेबेक २०२०मध्ये गेले, त्यांच्या जागी दुसरे आले, सुरुवातीचं वाक्य मात्र त्याच गळ्यातून येत राहिलं.

आज सातला नीट ऐका. ‘धिस’ ते लांबवतात, ‘इज’वर जेमतेम टेकतात आणि ‘जेपर्डी’ सोडून देतात. पण माझ्या मते खरी कारागिरी त्याच्या पुढे आहे. स्पर्धकांची ओळख करून देताना आधी व्यवसाय, मग गाव, मग राज्य आणि सगळ्यात शेवटी नाव. नाव शेवटी आलं की त्याच्यावर थांबता येतं. ते मध्येच आलं असतं, तर पुढच्या गावानं खाऊन टाकलं असतं. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ला पत्रांतली नावं वाचताना मीही हेच करायची. मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा सगळं आधी उरकायचं, मग श्वास घ्यायचा आणि नाव स्वच्छ उच्चारायचं. गाणं काय, दुसऱ्या दिवशीही लागणार असतं. पत्र पाठवणारा रेडिओला कान लावून बसलेला असतो तो आपल्या नावासाठी.

आता सकाळचा कार्यक्रम. तिथं सध्या जॉर्ज ग्रे आहेत, २०११पासून. ते अधूनमधून पडद्यावर दिसतातही. पण ‘कम ऑन डाउन!’ (या, खाली या!) ही हाक ज्यांची म्हणून ओळखली जाते ते जॉनी ओल्सन. मूळचे मिनेसोटाचे, रेडिओत मुरलेले. १९७२मध्ये सूत्रसंचालक बॉब बार्कर यांच्याबरोबर हा कार्यक्रम नव्या रूपात आला, तेव्हापासून १९८५च्या ऑक्टोबरात निधन होईपर्यंत ओल्सनच हाका मारत होते. आधी नाव, मग ‘कम ऑन’ आणि शेवटचा ‘डाउन’ असा लांबवलेला की प्रेक्षागृहात मागं बसलेल्या माणसालाही खुर्चीत बसवू नये. चित्रीकरणाआधी प्रेक्षकांना हसवून, नाचून, बोलतं करणं हेही त्यांच्याकडेच असे. कॅमेरा सुरू होताना लोक आधीच टाळ्यांच्या लयीत आलेले दिसतात ना, त्यामागं ही मेहनत असते.

गंमत अशी, की ज्याचं नाव पुकारलं त्यालाच ते अनेकदा ऐकू येत नाही, इतका गलका असतो. म्हणून नाव लिहिलेला मोठा फलक समोर धरतात. बाई किंचाळत उठते ती फलक वाचून! तरीही हाक लागतेच. फलकानं माणूस खुर्चीतून उठतो, हाकेनं सबंध सभागृह उठतं.

ओल्सन गेल्यावर त्यांच्या जागी कोण, हे बंद खोलीत ठरलं नाही. चार उमेदवारांना आळीपाळीनं प्रत्यक्ष कार्यक्रमातच बोलवून पारखलं आणि १९८६मध्ये रॉड रॉडी यांची निवड झाली. भडक चमचमते कोट घालणारे हेच ते. त्यांचा आवाज ओल्सनपेक्षा कडक, जरा धारेचा. मला स्वतःला ओल्सन जास्त आवडतात. रॉडी ऐकताना मोटार जिंकल्यासारखी वाटते, ओल्सन ऐकताना आपल्याला कुणीतरी घरात बोलावतंय असं वाटतं. जुने भाग इंटरनेटवर सापडतात. जावयांना सांगा, लावून देतील.

आता तुमचा खरा प्रश्न, आपल्याकडे असा माणूस का नाही? तिकडं निवेदकाचं पोट बक्षिसांवर भरलं. रेडिओच्या काळापासून कार्यक्रम कंपन्यांच्या पैशावर चालायचे आणि सूत्रसंचालकानं खेळ थांबवून फ्रीजचे गुण गाणं बरं दिसत नाही. म्हणून विकायला दुसरा गळा ठेवला. ‘प्राइस इज राइट’मध्ये तर निवेदकाचं वर्णन हा खेळाचाच भाग आहे. मोटारीला काय काय जादा बसवलंय हे तो वाचतो, किंमत तेवढी सांगत नाही आणि चाणाक्ष स्पर्धक त्या वाचनातूनच अंदाज बांधतो.

आमच्या आकाशवाणीवर जाहिरातच नव्हती. १९६७मध्ये विविध भारतीवर ती सुरू झाली, तीही आधी मुंबई, पुणे आणि नागपूरला. तोवर वस्तू विकणारा हिंदी आवाज ऐकायचा तर रेडिओ सिलोन लावावं लागे. तिथं अमीन सायानी होते. पण त्यांच्यात निवेदक, सूत्रसंचालक आणि विक्रेता तिघं एकत्र होते, वेगळा माणूस ठेवायची गरजच काय? पुढं २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ आलं ते ब्रिटिश साच्यावर. त्या साच्यात खेळवणारा एकटाच राज्य करतो, भोवती दिवे आणि संगीत. आपल्या ‘होम मिनिस्टर’मध्येही आदेश बांदेकर दार वाजवायचे, खेळ घ्यायचे, वहिनींना बोलतं करायचे आणि पैठणीही तेच द्यायचे. उंबऱ्याच्या आतल्या खेळाला बाहेरून पुकारणारा कशाला हवा? मला त्याची उणीव वाटत नाही. करोडपतीच्या खेळात मात्र वाटते. हॉट सीटवर येणाऱ्या माणसाचं गाव आणि नाव कुणीतरी वेगळ्या गळ्यानं, निगुतीनं घ्यायला हवं होतं.

प्रश्न : ‘बिग बॉस मराठी’चा आवाज संगणकाचा असतो का? घरात यावरून पैज लागली आहे. (वाचक, सोलापूर)

उत्तर : संगणकाचा म्हणणाऱ्यानं पैसे काढावेत. आवाज रत्नाकर तारदाळकर यांचा आहे. हिंदीतला आवाज वेगळा. या कामात ना हाक, ना विक्री, नुसता हुकूम. त्यामुळे सूर वर नेण्याची मुभाच नाही. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा.

प्रश्न : मी नाशिकला महाविद्यालयात आहे. निवेदन करायची इच्छा आहे, पण आवाज भारदस्त नाही. प्रयत्न करावा का?

उत्तर : भारदस्तपणाचं हे खूळ तुमच्या डोक्यात कुणी भरवलं? नागराज मंजुळे यांनी २०१९मध्ये ‘कोण होणार करोडपती’ केलं, ते आपल्या रोजच्या बोलण्याच्या आवाजात. समोरचा स्पर्धक घाबरला नाही, मोकळा बोलला. घडवलेल्या आवाजानं ते साधलं नसतं.

डॉन पार्डो हे नाव शोधा. १९६४ ते १९७५ पहिल्या ‘जेपर्डी’चे निवेदक. त्याआधी पहिल्या ‘प्राइस इज राइट’मध्ये बक्षिसांची वर्णनं तेच करत. २२ नोव्हेंबर १९६३ला केनेडींवर गोळीबार झाल्याची बातमी न्यूयॉर्कच्या एनबीसी वाहिनीवर पहिल्यांदा सांगितली, ती याच माणसानं. ज्या गळ्यानं वर्षानुवर्षं फर कोट विकले, त्याच गळ्यानं ती वाक्यं कुठलाही साज न चढवता वाचायची! १९७५पासून ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात कलाकारांची नावं पुकारायला लागले ते, मधलं एक पर्व सोडलं तर, २०१४मध्ये शहाण्णवाव्या वर्षी जाईपर्यंत.

तेव्हा खर्ज कमावण्यात वेळ घालवू नका, पडसं होईल फक्त. तुमच्या वर्गाचा हजेरीपट घ्या आणि मोठ्यानं वाचा. आडनावाचं शेवटचं अक्षर गिळता का, ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. बहुतेक जण गिळतात. ‘देशपांडे’तला ‘डे’ आणि ‘गायकवाड’मधला ‘ड’ शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. मग तेच नाव बक्षीस समारंभात पुकारताय असं समजून वाचा, नंतर शोकसभेत वाचताय असं. जमलं की महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात माईक मागा. रेकॉर्डिंग मात्र मला पाठवू नका. संपादक आधीच कुरकुरत आहेत.