लेकराचे रडणे आणि बाळंतिणीचे ताट

लातूरजवळच्या एका गावात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली एक मुलगी, सहा आठवड्यांचे बाळ आणि आपली आई यांच्यासह माझ्याकडे आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बसता बसताच ती कबुली दिल्यासारखी म्हणाली, “ताई, माझंच चुकलं. चुलतभावाच्या लग्नात येसराची तिखट आमटी खाल्ली अन् तेव्हापासून लेकरू रोज रडू लागलंय.” त्या आमटीला बारा दिवस झाले होते. सासरहून आत्याबाईंचा फोन येई, तोही हेच विचारायला की, तिखट खाल्ले नाहीस ना.

त्या बारा दिवसांत तिच्या ताटातून तिखटाबरोबर भाजी गेली, डाळ गेली, शेंगदाण्याची चटणी गेली आणि उरला तो मऊ भात, तूप व बिनतिखटाची शेपू. ज्वारीची भाकरी कशाला लावून खायची, हा प्रश्नच असल्यामुळे तीही अर्धीच उरत होती. पहिले सहा महिने केवळ अंगावर पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात आणि येथे तर नेहमीचे जेवणही निम्म्यावर आले होते. मला बाळाच्या रडण्यापेक्षा त्या मुलीच्या उपासमारीची काळजी अधिक वाटली.

“आमटीच्या आधी बाळ रडत नव्हतं का?” असे मी विचारले. तिच्या आईने थोडा वेळ आठवून सांगितले, “रडायचं की. बारशाच्या नंतर सुरूच झालं होतं. दिवेलागणीला सुरू व्हायचं ते नऊ-दहापर्यंत.” ज्या बाळांची वाढ उत्तम असते, तीही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी अधिक रडू लागतात, सहाव्या आठवड्याच्या सुमारास हे रडणे सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ते बहुधा ओसरते. आमटी नेमकी या चढाच्या दिवसांत आली आणि सगळा आळ तिच्यावर गेला.

दूध पोटातल्या अन्नापासून थेट बनत नाही. ते स्तनांतील ग्रंथी रक्तातून घटक घेऊन तयार करतात. त्यामुळे आईच्या आतड्यातला गॅस दुधात उतरत नाही आणि तिला ठेच्याने झालेली जळजळही बाळाच्या पोटात जात नाही. काही पदार्थांचा गंध व चव मात्र किंचित उतरते. अमेरिकेत १९९१ मध्ये झालेल्या एका अभ्यासात आयांना लसूण दिल्यावर साधारण दोन तासांनी दुधाला त्याचा वास आला आणि बाळे त्या वेळी अधिक काळ अंगावर राहिली. जर्मनीत म्युनिकजवळच्या संशोधकांनी २०२१ मध्ये आयांना मसालेदार रस्सा देऊन दूध तपासले. त्यात काळ्या मिरीतील पायपेरिन अत्यल्प प्रमाणात आढळले, मिरचीचा तिखट घटक आढळला नाही.

मी बाळाला पाजताना पाहिले. ते फक्त बोंडाचे टोक धरून चटचट आवाज करत होते, म्हणजे दुधाबरोबर हवाही गिळत होते. त्याचे पोट आईच्या पोटाला टेकवून, तोंड मोठे उघडू देऊन, स्तनाचा काळा भागही तोंडात जाईल असे धरायला शिकवले, तेव्हा आवाज थांबला आणि गिळण्याची संथ लय ऐकू येऊ लागली. वजन नीट वाढत होते, दिवसाला सात-आठ लंगोट ओले होत होते, शी पिवळी व पातळ होती. यांपैकी काही बिघडले असते, शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, ताप किंवा बाळाचा मलूलपणा असता, तर मी आहाराची चर्चा बाजूला ठेवून त्यांना तत्काळ बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले असते.

घरातल्या काळ्या मसाल्याचे नेहमीचे जेवण जेवावे आणि ताट व रडणे दोन्ही वहीत लिहावे, एवढे सांगून मी त्यांना चार दिवसांनी बोलावले. बाळाच्या आजीच्या, म्हणजे मुलीच्या आईच्या, पथ्यात तथ्य अजिबात नाही, असे मी म्हणाले नाही, कारण टाके ओले असताना, मलावरोध किंवा आम्लपित्त असताना झणझणीत खाणे बाळंतिणीला स्वतःला खरोखर त्रासदायक ठरते. तेवढ्यापुरते तिखट बेताने घ्यावे. त्यासाठी डाळ-भाजी तोडू नये.

चार दिवसांनी शाळेच्या जुन्या वहीचे मागचे पान माझ्यासमोर आले. वरण-भाताच्या दिवशी रडणे सात ते नऊ आणि ठेचा-भाकरीच्या दिवशीही सात ते पावणेनऊ. आजीचे समाधान तरीही होईना. तेव्हा मुलीने स्वतःहून चमच्यात दुधाचे चार थेंब काढून आईपुढे धरले; आदल्याच रात्री तिने कारळाची चटणी खाल्ली होती. आजीने बोट बुडवून जिभेला लावले, पुन्हा एकदा लावले आणि म्हणाल्या, “गोडच हाय की गं माय.” दुधात शंभर मिलिलिटरला सुमारे सात ग्रॅम लॅक्टोज ही साखर असते, हे मी त्यानंतर सांगितले.

निघताना आत्याबाईंचा फोन आला. मुलीने तो आईकडे दिला आणि आजीच त्यांना वहीचे पान वाचून दाखवत बाहेर पडल्या.