आधी फाइली, मग दुरुस्ती

वाचकांचे प्रश्न : संगणक

ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पुढील चार पत्रांचा विषय एकच आहे : संगणक सुरू होत नाही, पण आतल्या फाइली हव्या आहेत. म्हणून या वेळी त्यांनाच जागा दिली आहे. संगणक पुन्हा कसा सुरू करावा हा वेगळा प्रश्न असून तो येथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे, कारण दुरुस्तीची घाई हेच फाइली गमावण्याचे नेहमीचे कारण ठरते.

प्रश्न : दोन-तीन वेळा वीज गेली आणि आली, तेव्हापासून घरचा डेस्कटॉप सुरू होत नाही. कंपनीचे चिन्ह दिसते, ठिपक्यांचे वर्तुळ फिरते, ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ अशी अक्षरे येतात आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. दुकानदार म्हणतात की फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकावी लागेल, डेटाची खात्री नाही. त्यात आमच्या गृहनिर्माण संस्थेची इतिवृत्ते, नातवंडांचे फोटो आणि सासऱ्यांच्या आठवणींचे मी श्रीलिपीत टाइप केलेले हस्तलिखित आहे. फॉरमॅट करण्याआधी हे बाहेर काढता येईल का?
— एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : येईल, आणि आपण लिहिलेली लक्षणे पाहता शक्यता चांगली आहे. कंपनीचे चिन्ह दिसते याचा अर्थ वीजपुरवठा, मदरबोर्ड आणि रॅम बहुधा ठीक आहेत. ‘ऑटोमॅटिक रिपेअर’पर्यंत गाडी पोहोचते याचा अर्थ डिस्कही वाचली जात आहे. विंडोज स्वतःच्या फाइलींत काही लिहीत असताना वीज गेली की ते लिखाण अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी ती उठू शकत नाही. आपली इतिवृत्ते आणि फोटो त्याच डिस्कवर असले तरी वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि विंडोज उठली नाही म्हणून ते नाहीसे होत नाहीत. तेव्हा दुकानदारांना तूर्त थांबायला सांगावे. फॉरमॅट मारून संगणक त्याच दिवशी परत देता येतो, हे दुकानाच्या सोयीचे असते. फाइली काढत बसणे हे वेळखाऊ काम असून त्याचे पैसे मागायला बरेच दुकानदार संकोचतात. आपण होऊन ‘फाइली काढण्याचे वेगळे पैसे देऊ’ असे म्हटले, तर उत्तर बदललेले दिसेल.

घरी करून पाहायचे असेल तर पहिला उपाय विंडोजच्या आतच आहे. दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ‘ट्रबलशूट’, त्यातून पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि मग ‘कमांड प्रॉम्प्ट’ निवडावा. याच वाटेवर ‘रीसेट धिस पीसी’ हा पर्याय भेटतो. त्याला हात लावू नये, कारण त्यातील ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडले गेले तर मागे काही उरत नाही. काळ्या खिडकीत ‘नोटपॅड’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबले की साधे नोटपॅड उघडते. त्याच्या ‘फाइल’ मेनूतील ‘ओपन’ दाबून खाली ‘ऑल फाइल्स’ निवडले की ती छोटी चौकट फाइली पाहण्या-उचलण्याचे साधन बनते : फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘कॉपी’ करता येते आणि जोडलेल्या पेन ड्राइव्हवर जाऊन ‘पेस्ट’ करता येते. दोन गोष्टींनी येथे माणूस गोंधळतो. एक म्हणजे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीचा ‘सी’ येथे ‘डी’ किंवा ‘ई’ म्हणून दिसेल, त्यामुळे ‘यूजर्स’ नावाचा फोल्डर कोठे आहे ते पाहून ओळखावे. दुसरे म्हणजे कॉपी सुरू असताना किती झाले हे दाखवणारी हिरवी पट्टी येत नाही, खिडकी गोठल्यासारखी दिसते. ती बंद न करता वाट पाहावी, आणि एका वेळी थोडेच फोल्डर घ्यावेत.

फाइली पुष्कळ असतील तर दुसरा उपाय अधिक सोयीचा आहे. दुसऱ्या चालू संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (दोन्ही विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीचे प्रकार) मोफत उतरवून घ्यावे आणि ‘रुफस’ नावाच्या लहान प्रोग्रॅमने ते ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावे. त्या पेन ड्राइव्हवरचे आधीचे सर्व पुसले जाते, म्हणून तो रिकामाच घ्यावा. आपला संगणक चालू करताना बूट मेनूची कळ दाबून (डेल व लेनोव्होत बहुधा एफ१२, एचपीत एफ९) पेन ड्राइव्ह निवडला की संगणक डिस्कवरच्या विंडोजला न उठवता पेन ड्राइव्हवरून सुरू होतो. पहिल्याच पडद्यावर लिनक्स नुसते वापरून पाहण्याचा आणि ते संगणकात बसवण्याचा, असे दोन पर्याय समोर येऊ शकतात. ‘इन्स्टॉल’कडे जाऊ नये. मग आपली डिस्क डाव्या बाजूच्या यादीत दिसते आणि फाइली वेगळ्या बाह्य हार्ड डिस्कवर ओढून नेता येतात. विंडोज पूर्ण बंद न होता अर्धनिद्रेत राहिलेली असेल तर लिनक्स त्या डिस्कवर काही लिहू देत नाही, नुसते वाचू देते. आपल्याला तेवढेच हवे असल्यामुळे त्या सूचनेने घाबरण्याचे कारण नाही.

नेमके काय उचलायचे, याबाबत मात्र घाई नको. ‘यूजर्स’मधील आपल्या नावाच्या फोल्डरात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे असतातच, पण संस्थेचे हिशेब ‘डी’ ड्राइव्हवर किंवा थेट ‘सी’च्या मुळाशी कोणीतरी ठेवलेले असण्याची शक्यता असते, म्हणून तेथेही पाहावे. श्रीलिपीतील हस्तलिखितासाठी एक काम जास्तीचे आहे आणि ते हमखास विसरले जाते. युनिकोड (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या काळातील मराठी फाइलींत अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर साठवलेली असतात. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फाइल सुखरूप निघाली, पण नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर सासऱ्यांच्या आठवणींच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हांची खिचडी दिसेल आणि फाइल खराब झाली असा गैरसमज होईल. म्हणून ‘विंडोज’ फोल्डरातील ‘फॉन्ट्स’ हा फोल्डर पूर्ण उचलावा. काही फॉन्ट आपल्या नावाच्या फोल्डरातील ‘ॲपडेटा’मध्ये, ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘फॉन्ट्स’ अशा वाटेवर असतात. ‘ॲपडेटा’ विंडोजमध्ये लपवलेला असतो, लिनक्समध्ये तो सहसा दिसतो. फाइली हाती आल्यावर हस्तलिखित सवडीने युनिकोडमध्ये बदलून घ्यावे, मात्र बदललेल्या मजकुरातील रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांखालून घालाव्यात, कारण परिवर्तकांची चूक बहुधा तेथेच होते. शिक्षिकेला हे सांगण्याची खरे तर गरज नाही.

कॉपी संपल्याचे पडद्यावर दिसले तरी लिनक्समध्ये शेवटचा भाग अजून लिहिला जात असतो. त्यामुळे बाह्य डिस्क ‘इजेक्ट’ करून, काढण्यास हरकत नाही अशी सूचना आल्यावरच वायर काढावी. नंतर त्यातील दहा-बारा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि मगच दुकानदारांना फॉरमॅटची परवानगी द्यावी.

प्रश्न : लॅपटॉप चालू असताना टेबलावरून पडला. आता तो सुरू होत नाही आणि आतून टक-टक असा ठराविक आवाज येतो. हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची आहे. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यातच आहेत. ओळखीच्या एकाने डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितली आहे.
— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : फ्रीझरमध्ये ठेवू नये, आणि लॅपटॉप पुन्हा एकदाही चालू करून पाहू नये. लॅपटॉपच्या डिस्कमधील चकत्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरून वाचणारे टोक काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगत असते. पडल्यामुळे ते टोक वाकले किंवा चकतीला टेकले असेल, तर प्रत्येक वेळी चालू करताना ते चकतीवरचा लेप खरवडते आणि त्या लेपातच फोटो असतात. टक-टक आवाज म्हणजे टोकाला आपली जागा सापडत नाही, म्हणून ते परत परत मागे जाऊन येते. फ्रीझरचा तोडगा अनेक वर्षे तोंडोतोंडी फिरतो आहे. आपल्याकडील दमट हवेत थंडगार डिस्क बाहेर काढताच तिच्यावर आणि तिच्या आतही पाणी साठते, तेव्हा त्यापासून दूर राहावे.

हे काम घरचे नाही आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचेही नाही. अशी डिस्क धूळविरहित खोलीत उघडून, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे टोक बसवून मजकूर काढावा लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांची आणि दुरुस्तीची दुकाने ओळीने आहेत, पण डिस्क सोपवण्यापूर्वी ती कोठे उघडली जाईल, आधी तपासून लेखी अंदाज मिळेल का आणि काही निघाले नाही तर किती पैसे लागतील, हे विचारून घ्यावे. टेबलावरच उघडून दाखवतो म्हणणाऱ्याकडून डिस्क परत घ्यावी. खर्च बराच येतो. त्यामुळे आधी लग्नाच्या फोटोग्राफरकडे, नातेवाइकांच्या फोनवर आणि आपल्या गूगल खात्यात काय शिल्लक आहे ते पाहून, उरलेल्यासाठी हा खर्च करावा का, ते ठरवावे.

आवाज येत नाही, पण डिस्क अतिशय मंद झाली आहे किंवा मध्येच अडकते, अशी स्थिती ज्यांची असेल त्यांनी विंडोजमधील ‘चेकडिस्क’ हे साधन चालवू नये. ते डिस्क दुरुस्त करू पाहते आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला नेमके तेच झेपत नाही. लिनक्समधील ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडणारा भाग शेवटासाठी ठेवतो, आणि कोठपर्यंत आलो याची नोंद एका फाइलीत ठेवत असल्यामुळे काम थांबवून पुन्हा तेथूनच सुरू करता येते. त्याने पूर्ण डिस्कची प्रत निरोगी डिस्कवर घ्यावी आणि पुढची शोधाशोध त्या प्रतीवर करावी.

प्रश्न : लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. विंडोज ११ होती. आतील एम-डॉट-टू एसएसडी (फिरत्या चकत्या नसलेली नव्या पद्धतीची डिस्क) काढून केसिंगमध्ये घातली आणि भावाच्या लॅपटॉपला लावली, तर ४८ अंकी रिकव्हरी की मागते. मी असे कोणतेही कुलूप लावलेले नाही. एक दुकानदार ते तोडून देतो म्हणतो.
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : कुलूप आपण लावले नसले तरी विंडोजने लावले आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कचे सांकेतिकीकरण (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असे मजकुराचे रूपांतर) आपोआप सुरू होते, आणि २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये त्याची व्याप्ती वाढली आहे. ते सुरू होताना किल्लीची एक प्रत त्या खात्यात जमा होते. तेव्हा फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ‘डिव्हाइसेस’खाली बिटलॉकरच्या (विंडोजमधील या कुलपाचे नाव) किल्ल्या पाहाव्यात. एकापेक्षा जास्त दिसल्या तर भावाच्या पडद्यावरील ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरे जिच्याशी जुळतील तीच आपली. खात्यात काहीच नसेल तर लॅपटॉप नवा असताना तो पहिल्यांदा कोणाच्या खात्याने सुरू केला होता, हे आठवावे. पुष्कळदा किल्ली मुलाच्या, मेव्हण्याच्या किंवा विकणाऱ्याने घाईत उघडलेल्या खात्यात निघते. लॅपटॉप कार्यालयाचा असेल तर ती तेथील आयटी विभागाकडे असते.

किल्ली कोठेच नसेल तर एक वाट उरते. डिस्क एरवी न विचारता उघडत होती, कारण किल्लीचा संबंध त्या मदरबोर्डावरील किंवा प्रोसेसरमधील टीपीएमशी (किल्ली सांभाळणाऱ्या सुरक्षा भागाशी) जोडलेला होता. म्हणून मदरबोर्ड बदलण्याऐवजी तोच दुरुस्त करून घेता आला, तर डिस्क पूर्वीसारखी उघडण्याची शक्यता असते. बदलला की ४८ अंक मागितले जाणारच. वाशी किंवा ठाण्यात चिप पातळीवर काम करणारा कारागीर शोधून त्याला हे आधी स्पष्ट सांगावे, म्हणजे तो प्रोसेसर किंवा टीपीएमची चिप बदलणार नाही. ‘तोडून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र पैसे देऊ नयेत. किल्लीशिवाय हे कुलूप उघडत नाही, आणि तो एसएसडी फॉरमॅट करून ‘आता चालू झाली’ म्हणून परत देईल.

प्रश्न : डेस्कटॉप पूर्ण मेला आहे, पंखाही फिरत नाही. आतील हार्ड डिस्क लॅपटॉपला कशी जोडावी?
— एक वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : बिघाड बहुधा एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या आतल्या पेटीत) असेल आणि डिस्क धडधाकट असण्याची शक्यता मोठी आहे. साटा-ते-यूएसबी जोडणी (डिस्कचे साटा टोक लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणारी) घ्यावी, पण डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. म्हणून स्वतःचा विजेचा अडॅप्टर असलेलीच जोडणी मागून घ्यावी. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला ती गरज पडत नाही. जोडल्यावर ‘डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ अशी चौकट आली तर ‘कॅन्सल’ दाबून वर दुसऱ्या उत्तरात सांगितलेल्या ‘डीडीरेस्क्यू’च्या मार्गाने जावे. आपले फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचे सांगितले, तर ‘कंटिन्यू’ दाबून वाट पाहावी. फाइली हजारोंनी असतील तर त्याला काही मिनिटे लागतात, आणि मध्येच वायर ओढू नये.