खिडक्या बंद तरी ट्रक घरात, काय करायचं?

प्रश्न: ठाण्याला घोडबंदर रोडला लागूनच राहतो, चौथा मजला. रात्री ट्रक सुरू झाले की झोपेचं खोबरं. आईला बीपी आहे, तिची रोज झोपमोड होते. खिडक्या बिल्डरने दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग. एक जण म्हणतो डबल काच टाका, दुसरा म्हणतो जाड पडदे लावले की झालं. पैसे घालायचे तर कशात?

उत्तर: पडद्यात नको. पडद्याने खोलीतला घुमणारा आवाज थोडा कमी होतो, बाहेरचा ट्रक त्याला अजिबात जुमानत नाही. आणि मागच्या बाजूला खोली असेल तर आईंना आजच तिकडे झोपवा, बिल्डिंगच्या आडोशाने जो फरक पडतो तो फुकटात मिळतो, बाकीचं काम सावकाश होऊ दे.

आता खिडकी. काचेची ऑर्डर द्यायच्या आधी पंखा बंद करा, पडदे पूर्ण बाजूला घ्या, खिडकी लॉक करा आणि पेटती उदबत्ती कडेकडेने फिरवा, खाली ट्रॅकपाशी, वर, आणि मुख्य म्हणजे मधे जिथे दोन पल्ले एकमेकांवर येतात तिथे. धूर जिथे हलला तिथून हवा येतेय आणि हवा येते तिथून आवाज येणारच. स्लायडिंगला पल्ला सरकायला हवा म्हणून कडेला नुसता ब्रश असतो, तो काही वर्षांत चपटा होऊन जातो. लोकांना पटत नाही पण हिशोब सरळ आहे, खिडकीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जरी फट उघडी राहिली तरी काच कितीही भारी असू दे, आवाज साधारण २० डेसिबलच्या वर कमी होत नाही. म्हणून आधी ब्रश बदला, फ्रेम आणि मार्बलच्या मधली फट सिलिकॉनने भरा, एसीच्या पाइपचं भोक बुजवा. फक्त ट्रॅकची बाहेरच्या बाजूची छोटी भोकं बुजवू नका हं, ती पावसाचं पाणी जायला असतात, नाहीतर जुलैत पाणी घरात.

एवढ्याने भागलं नाही तर मग डबल काच? तुमच्या केसमधे मी नको म्हणेन. बाजारात डबल काच म्हणून जी मिळते तिच्यात बहुतेक वेळा ६ ते १२ मिमीचीच जागा असते, ती मुख्यतः उष्णता अडवायला. ट्रकची घरघर कमी फ्रिक्वेन्सीची, आणि नेमकी तिथेच ही जोडी कच्ची पडते, कारण दोन काचा आणि मधली हवा मिळून थरथरतात. त्यापेक्षा आहे ती खिडकी ठेवा आणि आतून दुसरी बसवा, स्लायडिंग नाही, दारासारखी उघडणारी, चारी बाजूंनी रबर गास्केट दाबून बसणारी, लॅमिनेटेड काचेची (मधे प्लास्टिकचा थर असलेली काच), आणि दोन्ही खिडक्यांमधे १०० मिमी किंवा जास्त अंतर, भिंतीची जाडी असेल तेवढं घ्या. दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या हव्यात. बाहेरून बिल्डिंग तशीच दिसते त्यामुळे सोसायटी सहसा अडवत नाही, तरी कमिटीला कळवा.

पूर्ण शांतता मिळेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो, आणि झोपेसाठी ते खूप आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे, रस्त्याकडेच्या घरांना ती मिळायलाच हवी, पण तोवर आई जागी राहणार ना.

आणि हे नीट वाचा. बाथरूममधे गॅस गिझर असेल तर खिडक्या सील करायच्या आधी तो काढा, कार्बन मोनॉक्साइडने माणसं जातात, वासही येत नाही. रात्री मागच्या बाजूची एखादी खिडकी उघडी ठेवा.

प्रश्न: लिफ्टचा आणि जिन्यातला आवाज मेन दारातून येतो, दार बदलू का?

उत्तर: आधी दाराखालची फट बघा. तिथे ड्रॉप सील बसवून घ्या, दार लावलं की पट्टी आपोआप खाली येते, आणि चौकटीला तिन्ही बाजूंनी रबर पट्टी. मग दारावर टकटक करा, पोकळ वाजलं तरच भरीव दाराचा विचार करा.